पहिली ऑर्डर नाशिकनेच द्यावी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या नाशिक आवृत्तीत अलीकडे नवउद्योजकांच्या मेळाव्यांच्या बातम्या वरचेवर वाचायला मिळतात. व्यासपीठावर मान्यवर, त्यांच्या हातात दीड हात लांबीचा पुठ्ठ्याचा धनादेश आणि समोर टाळ्या वाजवणारे विद्यार्थी, असे छायाचित्र बातमीसोबत बहुधा असतेच. या उपक्रमांना माझा विरोध नाही. अशा दोन-तीन कार्यक्रमांत परीक्षक म्हणून मीही बसलो आहे आणि शाल-श्रीफळ घेऊन घरी आलो आहे. मात्र अंबडच्या औद्योगिक वसाहतीत जिग, फिक्श्चर (यंत्रावर काम होताना वस्तू जागच्या जागी धरून ठेवणारी साधने) आणि प्रेस टूल बनवण्याचा लहानसा कारखाना एकोणतीस वर्षे चालवल्यावर माझे असे मत झाले आहे की, नाशिकच्या नव्या उद्योगांना आज कल्पनांची, स्पर्धांची किंवा मार्गदर्शनपर भाषणांची चणचण नाही, आणि भांडवलाचीही आपण म्हणतो तितकी नाही. त्यांना मिळत नाही ते पहिले गिऱ्हाईक. ते गिऱ्हाईक होण्याची ऐपत ज्यांच्याकडे आहे, ते सातपूर, अंबड, सिन्नर आणि ओझर येथील मोठे कारखाने, महानगरपालिका आणि येत्या सिंहस्थाची कामे काढणाऱ्या सरकारी यंत्रणा, हे सगळे आपल्याच गावात आहेत. या पत्राचा रोख त्यांच्याकडे आहे.

हे मत कशामुळे झाले ते आधी सांगतो. चार वर्षांपूर्वी शहरातल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयातून नुकतीच बाहेर पडलेली दोन मुले, एक मुलगा आणि एक मुलगी, एका प्लास्टिकच्या डबीला भोके पाडण्यासाठी फिक्श्चर करून मागायला माझ्याकडे आली. डबीत काय बसवणार, असे विचारले तेव्हा कळले की, यंत्राच्या मोटारीकडे जाणाऱ्या केबलभोवती चिमट्यासारखा बसणारा एक सेन्सर त्यांनी तयार केला आहे. मोटार किती वीज ओढते यावरून यंत्र खरोखर धातू कापते आहे, नुसतेच फिरते आहे की बंद उभे आहे, हे तो ओळखायचा आणि दर मिनिटाची नोंद मोबाइलवर पाठवायचा. यंत्राच्या कंट्रोलरला हात लावावा लागत नसल्यामुळे पंचवीस वर्षे जुन्या यंत्रावरही तो बसत होता, आणि आमच्यासारख्यांच्या शेडमध्ये जुनीच यंत्रे अधिक असतात.

फिक्श्चरचे पैसे सध्या नाहीत, असे त्यांनी प्रांजळपणे सांगितले, तेव्हा मी त्याबदल्यात एक डबी माझ्या व्हीएमसीवर, म्हणजे संगणकाच्या नियंत्रणाखाली धातू कापणाऱ्या यंत्रावर, महिनाभर लावून घेतली. ते यंत्र दिवसाला दहा तास चालते अशी माझी पक्की समजूत होती आणि त्याच हिशेबाने मी ग्राहकांना तासाचा दर सांगत आलो होतो. प्रत्यक्षात कापणीचे काम सरासरी साडेपाच तासच होत होते. उरलेला वेळ जॉब (कापायचा भाग) यंत्रावर बांधण्यात, टूल शोधण्यात आणि तपासणीचा माणूस मोकळा होण्याची वाट पाहण्यात जात होता. मी टूल ठेवण्याची मांडणी बदलली, जॉब बांधायला एक हेल्पर वाढवला, आणि दोन महिन्यांत तो आकडा सात तासांच्या वर गेला. दुसरे यंत्र घेण्यासाठी बँकेत केलेला कर्जाचा अर्ज मी परत घेतला. एवढे झाल्यावर त्या मुलांच्या तीन डब्या मी पूर्ण किमतीला विकत घेतल्या. पैसे मात्र मीही महिनाभर उशिरा दिले, हे येथे कबूल केले पाहिजे, कारण पुढे मी ज्यांच्याविषयी तक्रार करणार आहे त्यांच्याहून मी फार वेगळा नव्हतो.

त्यानंतर ती दोघे एका मोठ्या कारखान्याकडे गेली. तेथील देखभाल विभागाच्या प्रमुखाने डबी पाहून तोंडभरून कौतुक केले आणि सहा यंत्रांवर ट्रायल घ्यायला सांगितली. ट्रायल अर्थातच फुकट. तीन महिन्यांची ठरलेली ट्रायल सात महिने चालली, कारण मधल्या काळात त्या प्रमुखाची बदली झाली आणि नव्या साहेबांना सगळे पहिल्यापासून पाहायचे होते. अहवाल चांगला आला. मग प्रकरण खरेदी विभागाकडे गेले, आणि तेथे वेंडर कोडसाठी, म्हणजे पुरवठादार म्हणून नोंद होण्यासाठी, मागील तीन वर्षांचे ताळेबंद, किमान उलाढालीचा दाखला आणि अशाच प्रकारचा माल आधी पुरवलेल्या तीन कंपन्यांची पत्रे मागितली गेली. ज्या कंपनीचे वय चौदा महिने आहे तिने तीन वर्षांचे ताळेबंद आणायचे कुठून, याचे उत्तर त्या विभागात कोणाकडेही नव्हते. शेवटी एका जुन्या पुरवठादाराच्या नावावर ऑर्डर निघाली, त्याने मध्ये आपला टक्का ठेवला, आणि पैसे देण्याची मुदत मालाच्या तपासणीनंतर १२० दिवस अशी ठरली. प्रत्यक्षात पैसे सुटले तेव्हा त्यातला मुलगा हिंजवडीत नोकरीला लागला होता. मुलीने अजून वर्षभर नेट धरला आणि मग तीही एका मोठ्या कंपनीत गेली. आज त्या डब्या फक्त माझ्या शेडमध्ये चालू आहेत आणि त्यांची दुरुस्ती ती मुलगी सुटीला घरी आली की करून जाते.

या गोष्टीत कोणी खलनायक नाही, आणि म्हणूनच ती नीट समजून घेण्यासारखी आहे. खरेदी अधिकाऱ्याच्या जागी बसून पाहिले तर त्याचे वागणे पूर्णपणे शहाणपणाचे दिसते. नव्या माणसाकडून घेतलेली वस्तू बिघडली तर जाब त्याला विचारला जातो. नव्या माणसाकडून काहीच घेतले नाही म्हणून आजवर कोणत्याही खरेदी अधिकाऱ्याला मेमो मिळाल्याचे मी ऐकलेले नाही. सरकारी कार्यालयात हीच भीती ऑडिटच्या आक्षेपाच्या रूपाने असते. त्यामुळे 'स्थानिक तरुणांना प्रोत्साहन द्या' असे वरच्या साहेबांनी भाषणात कितीही सांगितले, तरी खालच्या टेबलावर फॉर्म तोच राहतो, आणि नवा उद्योग भाषणाने नव्हे तर त्या फॉर्मने अडतो.

यावर सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्टार्टअप इंडियाचा आराखडा जानेवारी २०१६ मध्ये आला, आज देशात मान्यताप्राप्त स्टार्टअपची संख्या दीड लाखाच्या पुढे आहे आणि त्यांत महाराष्ट्र आघाडीवर आहे. २०२१ साली ९४५ कोटी रुपयांची सीड फंड योजना सुरू झाली, जिच्यातून इनक्युबेटरमार्फत, म्हणजे नवउद्योगांना सुरुवातीला आधार देणाऱ्या केंद्रांमार्फत, नमुना तयार करण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान आणि तो बाजारात नेण्यासाठी ५० लाखांपर्यंत साहाय्य मिळण्याची सोय झाली. गुंतवणुकीवरचा 'एंजल टॅक्स' म्हणून बदनाम झालेला कर २०२४ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत तर स्टार्टअपना बयाणा रकमेतून सूट आणि पूर्वानुभव व उलाढालीच्या अटींत शिथिलता देण्याची स्पष्ट तरतूद आहे. पण अटी शिथिल 'करता येतील' आणि शिथिल 'कराव्यात' यांत ऑडिटला घाबरणाऱ्या कारकुनाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर असते. नियमाने दार उघडे ठेवले आहे, पण त्यातून पहिला कोण जाणार याची वाट सगळे पाहत उभे आहेत.

पैसे वेळेवर मिळण्याच्या बाबतीतही कायदा पुरवठादाराच्या बाजूने आहे, इतका की तो वाचताना हसू येते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे, लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. अशा तक्रारींसाठी राज्यात सुविधा परिषदा आहेत आणि त्यांच्या आदेशाविरुद्ध न्यायालयात जायचे तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. एवढे असूनही आमच्या वसाहतीत तक्रार करणारा विरळा, कारण तक्रार केली की व्याज मिळेल, पण पुढची ऑर्डर मिळणार नाही, हे शेंबडे पोरही सांगेल. २०२३-२४ या आर्थिक वर्षाच्या हिशेबापासून लागू झालेल्या आयकराच्या कलम ४३बी(एच) ने थोडा धाक बसला, कारण मुदतीत न दिलेली आणि वर्षअखेरीसही थकलेली रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येईनाशी झाली. मार्च २०२४ मध्ये माझी दोन जुनी बिले एकाएकी निकाली निघाली, त्याबद्दल मी कायदा करणाऱ्यांचा ऋणी आहे. पण त्याच सुमारास एका खरेदीदाराच्या लेखा विभागातून 'तुमची उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद) नसती तर आम्हाला सोयीचे झाले असते' असेही मला फोनवर ऐकवले गेले. बिलावर आगाऊ पैसे मिळवून देणाऱ्या टीआरईडीएस मंचावर २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना नोंदणी बंधनकारक झाली आहे, परंतु नोंदणी करणे वेगळे आणि पुरवठादाराचे बिल त्या मंचावर स्वीकारणे वेगळे. स्वीकृतीचे बटण खरेदीदाराच्याच हातात आहे. माझ्यासारखा जुना माणूस ओव्हरड्राफ्टवर १२० दिवस तग धरू शकतो. दोन मुलांच्या कंपनीला १२० दिवस म्हणजे श्वास रोखून गोदावरी तळातून पार करण्यासारखे आहे.

गिऱ्हाईक आधी आणि बाकी सगळे नंतर, हा धडा खरे तर नाशिककरांना नवा नसावा. त्र्यंबकेश्वरात जन्मलेले दादासाहेब फाळके यांची गोष्ट आपण कर्ज, जिद्द आणि सरस्वतीबाईंचे दागिने एवढ्यावर आटोपतो, पण मला त्यातली वाटाण्याच्या रोपाची हकीकत सर्वांत महत्त्वाची वाटते. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ साली ते लंडनला गेले, कॅमेऱ्याची व्यवस्था करून परत आले, आणि एवढ्याने कोणी पैसे देणार नाही हे ओळखून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्याच्या वाढीची चित्रे रोज थोडी थोडी टिपली आणि मातीतून कोंब वर येऊन वेल चढत जाणारी ती चिमुकली फीत भांडवल देऊ शकणाऱ्यांना दाखवली. आजच्या भाषेत तो त्यांचा प्रोटोटाइप. त्यावर पैसे उभे राहिले, मे १९१३ मध्ये पहिला चित्रपट मुंबईत लोकांसमोर आला, लोकांनी तिकिटे काढली, आणि मग त्यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला. पुढे मुंबईच्या भागीदारांबरोबर कंपनी काढली तेव्हा हिशेब आणि अधिकार यांवरून खटके उडाले आणि ते काही काळ सगळे सोडून काशीला निघून गेले. संस्थापक आणि गुंतवणूकदार यांच्यातला हा वाद शंभर वर्षांपूर्वी आपल्याच गावात होऊन गेला आहे. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. तेथे शाळांच्या सहली जातात, पण नवउद्योजकांचा एखादा वर्ग भरल्याचे मी ऐकलेले नाही.

याच्या उलट उदाहरणही जिल्ह्यात आहे. लासलगावजवळ भाभा अणुसंशोधन केंद्राने विकिरणाचा 'कृषक' हा प्रकल्प उभारला, तो मुख्यत: कांद्यासाठी. गॅमा किरणांची अल्प मात्रा दिली की साठवलेल्या कांद्याला कोंब फुटत नाहीत, हे विज्ञान पक्के आहे. पण चाळीतल्या उन्हाळ कांद्याचे नुकसान कोंबांपेक्षा सडीने आणि वजनातल्या घटीने अधिक होते, ती विकिरणाने थांबत नाही. शिवाय विकिरणानंतर कांदा थंड साठवणीत ठेवायचा तर त्याचा खर्च वेगळा. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क आणि डिसेंबरात थेट निर्यातबंदी, असे ज्या पिकाच्या नशिबी येते, त्याच्यावर क्विंटलमागे जादा खर्च करायला शेतकरी तयार होईल कसा? मात्र त्याच केंद्राचा उपयोग २००७ साली अमेरिकेत आंबा पाठवण्यासाठी झाला, कारण तेथील खरेदीदाराला कीडमुक्तीची खात्री हवी होती आणि त्यासाठी तो पैसे मोजायला तयार होता. यंत्र तेच, किरण तेच. आंब्यामागे गिऱ्हाईक उभे होते आणि कांद्यामागे नव्हते, एवढाच काय तो फरक.

द्राक्षांच्या बाबतीत आपण दोन्ही गोष्टी पाहिल्या आहेत. राजीव सामंत यांनी १९९९ मध्ये सुला ही कंपनी काढली आणि राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले, तेव्हा नाशिकला वाइनची राजधानी म्हणायची चढाओढ लागली. पाठोपाठ अनेक वायनरी निघाल्या. २००८ नंतरच्या मंदीत त्यातल्या बऱ्याच अडचणीत आल्या, कारण वाइन कशी करायची हे त्यांना ठाऊक होते, पण ती कोणाला, कुठे आणि कोणत्या नावाने विकायची याचा विचार टाक्या भरल्यानंतर सुरू झाला होता. सुलाने गिऱ्हाइकालाच बागेत आणून बसवले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात उतरली. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सचा मार्ग आणखी खडतर होता. २०१० साली युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये सीसीसी या वाढनियंत्रकाचे अंश आढळल्यावर माल नाकारला गेला आणि जिल्ह्यातले कित्येक निर्यातदार आणि बागायतदार गाळात गेले. सह्याद्रीचे संस्थापक विलास शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनाही त्याची झळ बसली. त्यांनी काम पुन्हा उभे केले ते युरोपातल्या खरेदीदाराला काय लागते तेथून सुरुवात करून आणि तेथून मागे प्रत्येक प्लॉटच्या फवारणीच्या नोंदीपर्यंत येऊन. कंपनी कायद्यात २००२ साली झालेल्या दुरुस्तीमुळे शक्य झालेल्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या साच्यात त्यांनी ते बसवले, आणि २०२२ मध्ये त्यांच्या उद्योगात युरोपीय संस्थांनी ३१० कोटी रुपये गुंतवले. आधी ग्राहक आला, मग भांडवल आले. आपल्या मेळाव्यांत हा क्रम नेमका उलटा शिकवला जातो.

कल्पना चोरीला जाण्याबद्दलही दोन शब्द लिहिणे भाग आहे. पेटंटच्या अर्जाचे ऑनलाइन शुल्क स्टार्टअपसाठी १६०० रुपये आणि मोठ्या कंपन्यांसाठी ८००० रुपये आहे, तेव्हा शुल्क ही अडचण राहिलेली नाही. अडचण अशी की, ट्रायलच्या वेळी दिलेले ड्रॉइंग खरेदी विभागातून तीन दिवसांत दुसऱ्या पुरवठादाराच्या टेबलावर 'याहून स्वस्तात करून द्या' अशा निरोपासह पोहोचते. माझ्या एका फिक्श्चरचे ड्रॉइंग असेच फिरून, वरचे नाव खोडून, दर देण्यासाठी माझ्याकडेच परत आले होते. मी दर दिला, तो आधीपेक्षा पाच टक्क्यांनी जास्त दिला आणि अर्थातच ऑर्डर गेली. गोपनीयतेचा साधा दोन पानी करार सही करून घेण्याचा आग्रह महाविद्यालयांच्या इनक्युबेटरनी प्रत्येक ट्रायलच्या आधी धरला, तर मुलांना एकट्याने साहेबांपुढे तोंड उघडावे लागणार नाही.

मग करावे काय? संरक्षण मंत्रालयाने २०१८ मध्ये सुरू केलेल्या आयडेक्स या योजनेची पद्धत आपल्या ओझरच्या शेजाऱ्यांना, म्हणजे एचएएलच्या विमान कारखान्याला, चांगली ठाऊक असेल. तेथे नवउद्योजकाला 'काहीतरी नवे करून आणा' असे सांगत नाहीत. सैन्यदले आणि संरक्षण कंपन्या आपल्या नेमक्या अडचणी आधी जाहीर करतात, निवडलेल्या स्टार्टअपला नमुना तयार करण्यासाठी दीड कोटीपर्यंत अनुदान देतात आणि नमुना उतरला तर खरेदीचा मार्गही ठेवलेला असतो. हेच लहान प्रमाणावर निमा आणि आयमा या आपल्या उद्योजक संघटनांना करता येईल. त्यांच्या सदस्य कारखान्यांनी दर सहा महिन्यांनी आपल्या पाच-पाच खऱ्या अडचणी लिहून द्याव्यात: कॉम्प्रेस्ड एअरची गळती कुठे होते ते सापडत नाही, कास्टिंगमधली सच्छिद्रता मशिनिंग झाल्यावरच कळते, पेंटशॉपच्या सांडपाण्याचा गाळ ठेवायला जागा नाही, अशा. अशी यादी बाहेर आली की महाविद्यालयांतल्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांना विषय मिळतील. सध्या तेथे तेच तेच 'स्मार्ट डस्टबिन' वर्षानुवर्षे फिरत आहेत, आणि दर वर्षी त्यांना बक्षीसही मिळते!

या यादीबरोबर ट्रायलचे पैसे देण्याची पद्धत सुरू झाली पाहिजे, माझा सर्वाधिक आग्रह याच गोष्टीचा आहे. मोठ्या कारखान्याच्या प्लांट प्रमुखाला वर्षाला ठराविक रक्कम, समजा दहा लाख रुपये, अशा ट्रायलसाठी वेगळी काढून द्यावी आणि त्या मर्यादेत ताळेबंद, उलाढाल, पूर्वानुभव यांपैकी काहीही न विचारता खरेदी करण्याची मुभा द्यावी. ट्रायल फसली तर ती त्या खात्यात फसेल, अधिकाऱ्याच्या वार्षिक मूल्यमापनात नाही. वर्षाअखेरीस ती रक्कम खर्च न करणाऱ्यालाच मात्र कारण विचारावे, म्हणजे न घेण्यालाही पहिल्यांदाच काही किंमत येईल. ज्या गोष्टीसाठी कारखाना पैसे मोजतो तिच्याकडे तो लक्ष देतो. त्या मुलांची ट्रायल सात महिने रखडली त्याचे खरे कारण ती फुकट होती हे आहे. दहा लाख ही रक्कम अशा कारखान्यांच्या वार्षिक दिनाच्या मांडवापेक्षा फार मोठी नसावी.

सार्वजनिक यंत्रणांसाठी तर संधी दारात उभी आहे. २०१५ च्या सिंहस्थाच्या आधी, मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये संशोधन करणारे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने 'कुंभथॉन' हा उपक्रम झाला होता. गर्दी, आरोग्य, निवास, वाहतूक असे कुंभमेळ्याचे खरेखुरे प्रश्न घेऊन विद्यार्थी, अधिकारी आणि उद्योजक एकत्र बसले, आणि पुढे टीसीएस फाउंडेशनचे डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर हे केंद्र नाशिकमध्ये आले. प्रश्न समोर ठेवले तर मुले काय करू शकतात हे तेव्हा दिसले. आता ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहण होईल आणि पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी आहे. कुंभमेळा प्राधिकरणाने मोठ्या निविदांबरोबर काही लहान कामे मुद्दाम बाजूला काढावीत आणि ती मान्यताप्राप्त स्टार्टअपना बयाणा आणि पूर्वानुभवाशिवाय द्यावीत: एका घाटावरची गर्दीमोजणी, साधुग्रामच्या एका भागातील शौचालयांच्या टाक्या भरल्याची सूचना, हरवलेल्या वृद्धांना त्यांच्या भाषेत बोलून ठिकाणावर पोहोचवण्याची सोय, निर्माल्याचे वर्गीकरण. राज्याच्या स्टार्टअप सप्ताहात विजेत्यांना १५ लाखांपर्यंतचे कार्यादेश देण्याची पद्धत आहेच. तेवढ्याच रकमेची वीस कामे येथे काढली तर एकूण खर्च तीन कोटींच्या पुढे जात नाही. एक घाट बिघडला तरी शेजारचा घाट जुन्या पद्धतीने चालू राहील, म्हणून जोखीमही मर्यादित. मात्र हे आत्ता ठरले पाहिजे. पावसाळ्यात गोदेला पूर आला की रामकुंडाच्या पायऱ्यांवर कोणताही सेन्सर टिकतो की वाहून जातो याची परीक्षा २०२६ च्या पावसाळ्यातच घेता येईल, २०२७ मध्ये ती परीक्षा भाविकांवर होईल.

भांडवलाविषयी मी वर 'तितकी चणचण नाही' असे म्हटले, त्यावर काही वाचक हसतील. पण आपल्या शहरात पैसा नाही असे कोण म्हणेल? तो गंगापूर रस्त्यावर आणि पाथर्डी फाट्यावर प्लॉटच्या रूपाने झोपलेला आहे. माझाही थोडा आहे. नव्या कंपनीत पैसे घालताना आम्हा व्यापारी-उद्योजकांना भीती वाटते ती कल्पना वाईट असण्याची नव्हे, तर ती विकली जाण्याचा काहीच पुरावा नसण्याची. एखाद्या नामांकित कारखान्याची दोन लाखांची का होईना पण पैसे चुकते झालेली ऑर्डर हातात असेल, तर त्या मुलांसाठी वसाहतीतले पाच जण मिळून पंचवीस लाख उभे करणे अवघड नाही, हे मी अनुभवाने सांगतो; अशी वर्गणी आम्ही याआधी दोनदा, बुडणारी यंत्रे वाचवण्यासाठी, केली आहे.

शेवटी, दुसऱ्यांकडून अपेक्षा करणाऱ्याने स्वत:पासून सुरुवात करावी म्हणून लिहितो. माझ्या कारखान्याला शनिवारी साप्ताहिक सुटी असते. त्या दिवशी दोन व्हीएमसी, एक लेथ आणि एक अनुभवी ऑपरेटर मी ट्रायलसाठी उपलब्ध करून देईन. जी वस्तू उपयोगी ठरेल ती विकत घेईन आणि बिल मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे देईन. आपल्या संपादकीय विभागाकडे माझा पत्ता आहे. इच्छुकांना तो कळवायला माझी हरकत नाही. सोबत येताना ड्रॉइंगवर आपले नाव शाईने लिहून आणावे.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
अंबड औद्योगिक वसाहतीतील एक लघुउद्योजक,
नाशिक